पंखा फिरतो, पण पैसा कुठे गळतो? : नौकेचा शाफ्ट आणि कपलिंग यांच्या दुरुस्तीचा धडा

या पानावर बहुतेक वेळा दुकानदारी, भागीदारी, परदेशी नोकरी आणि बचत अशा विषयांवर मजकूर येतो. आज आम्ही नौकेच्या शाफ्टवर लिहीत आहोत. कापडाच्या व्यापाऱ्याने इंजिनच्या कामात का पडावे, असे काही वाचक बंधू विचारतील. त्याची सबब साधी आहे. किनाऱ्यावरच्या बाजारपेठेत कापड विकले जाते ते मासळीच्या पैशावर. हर्णै, दाभोळ, जयगड, मिरकरवाडा, साखरीनाटे या बंदरांत हंगाम चांगला गेला की आमच्या गल्ल्यात रोकड दिसते, आणि नौका धक्क्याला बांधून पडली की उधारीच्या वहीची पाने भरत जातात. शिवाय आखातात पंधरा-वीस वर्षे घाम गाळून आणलेली कमाई नौकेत घालणारे आपल्या समाजात कमी नाहीत. त्यांना इंजिन किती सिलिंडरचे आणि जाळे किती किलोचे हे पाठ असते. पण इंजिनची ताकद पाण्यापर्यंत पोहोचते कशी, असे विचारले तर "ते मिस्त्रीला ठाऊक" असे उत्तर मिळते. मिस्त्रीला ठाऊक असतेच. पण पैसा मिस्त्रीचा नसतो.

आम्ही स्वतः मिस्त्री नाही. पुढे जे लिहिले आहे ते नौकांच्या भागीदारीचे हिशोब ऐकत, खरादवाल्याच्या दुकानात उभे राहून आणि जाणत्या फिटरांना प्रश्न विचारून जमवलेले आहे. मालकाने पाना हातात घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. पाना धरणाऱ्याला योग्य प्रश्न विचारता यावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

ताकद जाते कशी

इंजिनच्या मागे गिअर बॉक्स असतो. तो इंजिनचे फेरे कमी करतो आणि जोर वाढवतो. इंजिन मिनिटाला १८०० फेरे फिरत असेल आणि गिअर तीनास एक असेल, तर पंखा ६०० फेरे फिरतो. गिअर बॉक्सच्या मागच्या तोंडावर एक गोल लोखंडी थाळी असते, तिला फ्लँज म्हणतात. तशीच दुसरी थाळी शाफ्टच्या टोकावर बसवलेली असते. या दोन थाळ्या समोरासमोर आणून बोल्टने आवळल्या की झाले कपलिंग. तेथून शाफ्ट मागे जातो, ग्लँडमधून स्टर्न ट्यूब नावाच्या नळीत शिरतो, नळीच्या बुशांवर टेकून बाहेर पडतो आणि त्याच्या निमुळत्या टोकावर पंखा बसतो.

आता एक गोष्ट, जी पुष्कळ मालकांच्या ध्यानात येत नाही. पंखा पाणी मागे लोटतो, त्याबरोबर शाफ्ट पुढे लोटला जातो. तो दाब कपलिंगवर, कपलिंगमधून गिअर बॉक्सच्या थ्रस्ट बेअरिंगवर आणि तेथून इंजिनच्या पायावर, म्हणजे फाउंडेशनवर येतो. सारी नौका, बर्फ, मासळी, खलाशी आणि ओढत आणलेले जाळे, हे सगळे त्या वीतभर रुंदीच्या थाळ्यांच्या जोरावर पुढे सरकते. रिव्हर्स टाकला की उलटे होते. पंखा शाफ्टला बाहेर ओढू लागतो आणि सारा भार बोल्टवर आणि शाफ्टवरच्या थाळीच्या पकडीवर येतो. ती पकड सैल असली, तर धक्क्याला लागताना रिव्हर्स टाकल्याबरोबर शाफ्ट थाळीतून निसटून मागे जातो, पंखा सुकाणूवर आदळतो आणि शाफ्ट पुरता बाहेर गेला तर नळीच्या भोकातून समुद्र आत येतो. म्हणून नळीच्या मापाचा लाकडी दट्ट्या आणि एक जुनी गोधडी इंजिनच्या खोलीत हाताशी ठेवावी. शाफ्टवर ग्लँडच्या अलीकडे एक मजबूत क्लँप आवळून ठेवला, तर शाफ्ट निसटला तरी क्लँप अडतो आणि भोक उघडे पडत नाही. खर्च किरकोळ आहे, पण आम्ही पाहिलेल्या फार थोड्या नौकांवर तो असतो.

आजार ओळखावा कसा

नौका थरथरते, अशी तक्रार आली की पहिली परीक्षा धक्क्यावरच करावी. गिअर न टाकता इंजिनचे फेरे वाढवावेत. थरथर तशीच राहिली तर दोष इंजिनमध्ये किंवा त्याच्या पायाच्या रबरांत आहे. गिअर टाकल्यावरच थरथर सुरू होत असेल तर दोष कपलिंगपासून पंख्यापर्यंतच्या रांगेत आहे. काल ठीक होते आणि आज जाळे अडकल्यानंतर एकाएकी सुरू झाले, तर पंख्याचे पाते वाकले, शाफ्ट वाकला किंवा पंख्यात दोर गुंतला. महिनोन् महिने हळूहळू वाढत गेले, तर बुश झिजले किंवा इंजिनची रांग बिघडली.

रांग म्हणजे काय? गिअर बॉक्सचा मध्य आणि शाफ्टचा मध्य एका सरळ रेषेत असणे आणि दोन्ही थाळ्यांची तोंडे एकमेकांना पूर्ण समांतर असणे. येथे मापाची गोष्ट नीट समजून घ्यावी. आम्हा कापडवाल्यांच्या भाषेत सूत म्हणजे धागा; फिटरच्या भाषेत सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ. तेव्हा एका सुतात १२५ थाऊ होतात. आणि नियम असा आहे की थाळीच्या व्यासाच्या दर इंचास एक थाऊपेक्षा जास्त फट चालत नाही. पाच इंची थाळी असेल तर पाच थाऊ, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाइतकी. गिअर बॉक्सच्या पुस्तकात याहून कमी माप दिले असेल तर तेच पाळावे. आता मालक जेव्हा म्हणतो, "एखादे सूत इकडेतिकडे असले तर काय बिघडते?" तेव्हा तो हद्दीच्या पंचवीस पट बोलत असतो. बोल्ट आवळून फट दिसेनाशी करता येते. पण फट जात नाही. ती शाफ्टच्या वाकण्यात जाऊन बसते. मग शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला थोडा इकडे, थोडा तिकडे वाकतो. तारेचा तुकडा हातात धरून पुन्हा पुन्हा वाकवला की तो तुटतो, तसा एके दिवशी शाफ्ट कपलिंगजवळ, बहुधा चावीच्या खाचेपासून, मोडतो. त्याआधी गिअर बॉक्सचे मागचे सील गळते, बुश खाल्ले जाते आणि ग्लँड तापतो. मालक या तिन्हींवर निरनिराळा खर्च करतो, आणि मूळ कारण जसेच्या तसे राहते.

रांग तपासण्याची रीत

प्रथम वेळ. आपल्याकडे यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, आणि सगळी मोठी कामे नौका वर ओढल्यावर या दोन महिन्यांत होतात. पंख्याचे, बुशाचे, शाफ्टचे काम तेव्हाच करावे. परंतु रांगेची शेवटची तपासणी जमिनीवर करून चालत नाही. जमिनीवर नौका टेकूंवर उभी असते. पाण्यात ती सगळ्या अंगाने उचलली जाते. लाकूड पाणी पिऊन फुगते. डिझेल, बर्फ, जाळे यांचे वजन येते. फायबरची नौकासुद्धा थोडी हलते. म्हणून नौका पाण्यात उतरवून एक-दोन दिवस जाऊ द्यावेत, टाक्यांत नेहमीइतके डिझेल भरावे आणि मग कपलिंग उघडावे. जमिनीवर लावलेली रांग ही फक्त कच्ची शिलाई आहे.

बोल्ट काढून शाफ्ट अर्धा-पाऊण इंच मागे सरकवावा. येथे शाफ्टचे टोक स्वतःच्या आणि थाळीच्या वजनाने खाली झुकते. त्याला तसेच झुकलेले ठेवून मोजले तर माप खोटे येते. चांगले फिटर स्प्रिंग काटा लावून ते उचलून धरतात : थाळीचे पूर्ण वजन आणि टेकू नसलेल्या शाफ्टचे निम्मे वजन, इतका जोर काट्यावर आला की शाफ्ट आपल्या खऱ्या जागी आहे असे समजावे. मग थाळ्या जवळ आणाव्यात. एका थाळीच्या मध्यावर उंचवटा असतो आणि दुसरीत त्याच्या मापाचा खळगा. उंचवटा खळग्यात हाताच्या जोराने, ठोकाठोकी न करता बसला पाहिजे. बसत नसेल तर इंजिन वर-खाली किंवा बाजूला सरकवून आधी ते जमवावे.

त्यानंतर फिलर गेजची पाने घेऊन दोन थाळ्यांमधील फट चार जागी मोजावी : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. आकडे कागदावर लिहावेत. आता खरी हिकमत पुढे आहे. गिअर बॉक्सची थाळी स्थिर ठेवून शाफ्टची थाळी अर्धा फेरा फिरवावी आणि पुन्हा मोजावे. मोठी फट पहिल्याच जागी राहिली, समजा खालीच राहिली, तर इंजिन वाकडे बसले आहे. पण फट शाफ्टबरोबर फिरून वर गेली, तर इंजिनचा दोष नाही. शाफ्ट वाकला आहे किंवा त्याची थाळी तिरकी बसली आहे. तेव्हा इंजिन हलवण्यात दिवस घालवू नये, शाफ्ट थाळीसकट काढून खरादवर न्यावा. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे, आणि ती न केल्यामुळे लोकांनी सरळ शाफ्ट बदललेले व वाकडे शाफ्ट ठेवून इंजिन महिनाभर हलवलेले आम्ही पाहिले आहे.

इंजिन कोणीकडे न्यायचे, याचा एकच नियम ध्यानात ठेवला तरी पुरे : जेथे फट जास्त, तिकडे इंजिनचे पुढचे तोंड न्यावे. वर फट जास्त तर पुढचे पाय उचलावेत. खाली जास्त तर पुढचे पाय उतरवावेत. डावीकडे जास्त तर पुढचे तोंड डावीकडे सरकवावे. किती, याचा हिशोब त्रैराशिकाचा आहे. फटीतला फरक गुणिले पुढच्या आणि मागच्या पायांतील अंतर, भागिले थाळीचा व्यास. थाळी १२५ मिलिमीटर, पायांतील अंतर एक मीटर आणि फरक अर्धा मिलिमीटर असेल, तर पुढच्या पायाखाली चार मिलिमीटरची पट्टी येईल. पट्टी पितळेची किंवा पत्र्याची, पायाच्या पुऱ्या मापाची असावी. लाकडाची चिपट किंवा रबराचा तुकडा घालणारा मिस्त्री आपले काम फक्त आजच्या दिवसापुरते करतो आहे असे समजावे. पुढचे पाय हलवल्यावर मागची थाळीही थोडी सरकते, म्हणून उंचवट्याची जमवाजमव पुन्हा पाहावी. सगळे पाय आवळल्यानंतर अखेरचे माप घ्यावे, कारण आवळताना इंजिन हलते.

रबरी कपलिंग बसवले की रांगेची गरज नाही, असा एक गैरसमज बाजारात आहे आणि माल विकणाऱ्यांना तो सोयीचा आहे. रबर धक्के सोसते, आवाज कमी करते. वाकड्या इंजिनला सरळ करत नाही.

तांडेलावरचा इल्जाम

चार भागीदारांच्या एका लाकडी ट्रॉलरची हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. हे कुटुंब आमचे जुने गिऱ्हाईक. पावसाळ्यात फाउंडेशनचे लाकूड बदलले, इंजिन उतरवून पुन्हा बसवले, रांग जमिनीवर लावून दिली. कारखाना कोणता ते सांगण्याचे कारण नाही. ऑगस्टमध्ये नौका उतरली. सप्टेंबरमध्ये थरथर सुरू झाली, ऑक्टोबरमध्ये ग्लँड गळू लागला, तो आवळला, आणखी आवळला. नोव्हेंबरमध्ये शाफ्ट कपलिंगजवळ मोडला आणि नौका दुसऱ्या नौकेने ओढून आणावी लागली. भागीदारांपैकी एकाने म्हटले, तांडेलाने खाडीच्या मुखावर वाळूच्या दांड्याला पंखा लावला, शाफ्ट वाकला, म्हणून मोडला. तांडेल साठीच्या घरातला माणूस, चाळीस वर्षे समुद्रावर. त्याने अल्लाची शपथ घेऊन नाही म्हटले. तरी दुरुस्तीचा निम्मा खर्च त्याच्या वाट्यातून कापायचे ठरले. नवीन शाफ्ट बसला, आणि तीन आठवड्यांत थरथर परत आली.

तेव्हा एका वयस्कर फिटरला बोलावले. त्याने नवीन शाफ्टला हातही लावला नाही. मोडलेला शाफ्ट आणि काढलेले जुने आतले बुश मागितले. बुश केवळ डाव्या अंगाला खाल्लेले होते, उजवीकडे जवळजवळ कोरे. शाफ्ट मात्र चारी बाजूंनी सारखा घासलेला. तो म्हणाला, "तांडेल मामूंचा कसूर नाही." कारण विचारता त्याने समजावले ते असे. वाकलेला शाफ्ट फिरताना आपली वाकलेली बाजू बुशाच्या सगळ्या अंगांवर घासत जातो; म्हणून बुश चहूबाजूंनी झिजते आणि शाफ्ट एकाच बाजूला. इंजिन वाकडे असेल तर शाफ्ट सदैव बुशाच्या एकाच बाजूवर दाबलेला राहतो. म्हणून बुश एका बाजूला झिजते आणि शाफ्ट सगळीकडून. वजनाने झीज झाली म्हणावे तर ती तळाला असती, डावीकडे नव्हे.

मग नौका पाण्यात असताना कपलिंग उघडले. थाळी सहा इंची, फट डावीकडे चाळीस थाऊ जास्त. शाफ्ट फिरवला तरी डावीकडेच. सहा थाऊ चालले असते. पायांतील अंतर छत्तीस इंच, तेव्हा इंजिनचे पुढचे तोंड २४० थाऊ, म्हणजे दोन सुतांना किंचित कमी, डावीकडे सरकवावे लागले. काम दीड दिवसाचे. त्या हंगामात पुढे नवीन शाफ्ट काढावा लागला नाही. तांडेलाच्या वाट्यातून कापलेली रक्कम भागीदारांनी त्याला परत केली आणि खर्च मालकीच्या बाजूला टाकला.

याबाबत थोडे लिहिणे जरूर आहे, कारण आपल्याकडे दुरुस्तीवरून भावाभावांत अबोला धरल्याची उदाहरणे आहेत. मुदारबतमध्ये एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असते. नुकसान झाले तर ते भांडवलावर पडते, मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया जाते, आणि त्याने हयगय केली असेल तरच जिम्मेदारी त्याच्यावर येते. भांडवलाच्या भागीदारीत नुकसान ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात वाटले जाते. नौकेच्या वाट्याची आपली किनाऱ्यावरची पद्धत यांपैकी नेमकी कशात बसते, हे आपापल्या आलिमांना विचारावे. पण हयगय झाली की नाही, हे ओरडून ठरत नाही. झिजलेले बुश ही गवाही आहे. ती भंगारवाल्याला देण्याआधी सर्व भागीदारांनी पाहावी. आणि दुरुस्तीचा खर्च कोणत्या बाजूला पडेल हे हंगाम सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि भागीदारीत तोंडी करार म्हणजे उद्याचे भांडण.

विम्याचेही ऐकून ठेवावे. १९६३ च्या सागरी विमा कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, पॉलिसीत वेगळे लिहिलेले नसेल तर, नेहमीच्या झिजेने झालेल्या नुकसानीस विमा कंपनी बांधील नाही. म्हणजे खडकावर आपटून मोडलेला शाफ्ट आणि झिजून मोडलेला शाफ्ट हे दोन वेगळे दावे आहेत. ओढून आणल्याची तारीख, मोडलेल्या तुकड्यांचे फोटो आणि फिटरचा लेखी अभिप्राय जवळ ठेवावा.

ग्लँड, दोरी आणि जाळे

ग्लँडमधील पॅकिंग ही आमच्या धंद्याच्या जवळची वस्तू. सुताची किंवा तागासारख्या तंतूची चौकोनी विणीची दोरी, चरबी, ग्रीस किंवा ग्राफाइट मुरवलेली. कापड कसे आहे हे आम्ही दोन बोटांत धरून पाहतो. पॅकिंगही तसेच पाहावे. वीण घट्ट, कोपरे चौकोनी आणि माप ग्लँडच्या फटीइतके. मोठी दोरी ठोकून बारीक करणे किंवा बारीक दोरी दुहेरी भरणे, दोन्ही वाईट. दोरी स्प्रिंगसारखी गुंडाळून भरू नये. शाफ्टच्या मापाच्या दांड्यावर गुंडाळून वेगवेगळी कडी कापावीत आणि एकेक कडे बसवताना सांधे एकावर एक येऊ देऊ नयेत. जुनी दोरी आकड्याने सगळी बाहेर काढावी. जुन्यावर नवीन भरणे म्हणजे विटक्या अस्तरावर नवी शेरवानी शिवणे. हे काम शक्यतो नौका वर असताना करावे. पाण्यात करायचेच झाले तर पंप चालू ठेवून आणि दट्ट्या-गोधडीची तयारी ठेवून.

पाण्यावर चालणारा ग्लँड शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-तीन थेंब गळलाच पाहिजे. ते थेंब त्याला थंड ठेवतात. एकही थेंब नको म्हणून आवळत गेलात तर दोरी जळते आणि शाफ्टवर खाचा पडतात. मग त्या खाचांतून धार लागते आणि ती कोणत्याही दोरीने थांबत नाही. तासभर चालवून ग्लँडवर हात ठेवावा : कोमट चालेल, हात मागे घ्यावा लागला तर सैल करावा. ग्रीसवर चालणारी नळी असेल तर ग्रीसचा कप रोज थोडा फिरवणे, हे एका खलाशाकडे नेमून द्यावे.

आता दोराचे. नायलॉन पाण्यापेक्षा जड, ते बुडते. पॉलिप्रॉपिलीन आणि जाळ्यांत वापरतात ते एचडीपीई पाण्यापेक्षा हलके. त्यांचे तुकडे पृष्ठभागावर तरंगत राहतात आणि पंख्याकडे खेचले जातात. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंशांना वितळते, एचडीपीई त्याआधीच. पंख्याच्या आणि बुशाच्या मधल्या फटीत दोर गुंडाळला गेला की घर्षणाने वितळून त्याचे काचेसारखे कडक कडे बनते. रबरी बुशाला लांबीत पन्हळी असतात, त्यांतून समुद्राचे पाणी जाऊन बुश थंड राहते. हे कडे पन्हळींची तोंडे बंद करते आणि बुश कोरडे फिरून जळते. म्हणून वरून दोर कापून काढला, पंखा फिरू लागला, एवढ्यावर समाधान मानू नये. इंजिन पूर्ण बंद करून, पाणबुड्या उतरवून बुशाच्या तोंडाशी हात फिरवून घ्यावा. आणि तुटक्या जाळ्यांचे तुकडे समुद्रात टाकणाऱ्याने समजावे की ते तो आपल्याच एखाद्या भावाच्या पंख्यासाठी ठेवत आहे.

थाळी काढणे आणि बसवणे

शाफ्टवरची थाळी निघत नाही म्हणून घण घालणारे मिस्त्री प्रत्येक बंदरात आहेत. घणाचा मार शाफ्टमधून गिअर बॉक्सच्या बेअरिंगपर्यंत जातो आणि गोळ्यांचे डाग बेअरिंगच्या पाळीवर कायमचे उमटतात. बिनघणाची रीत अशी : थाळ्या जरा दूर करून शाफ्टच्या टोकासमोर त्याच्या व्यासापेक्षा लहान असा लोखंडी ठोकळा ठेवावा, लांब आणि मजबूत बोल्ट घालून दोन्ही थाळ्या आळीपाळीने, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जवळ ओढाव्यात. ठोकळा शाफ्टला मागे दाबतो आणि थाळी पुढे निघून येते. आधी थाळीचे अडकणीचे स्क्रू काढायला विसरू नये.

नवीन थाळी शाफ्टवर घट्ट बसली पाहिजे. ती शाफ्टवर चढवूनच खरादवर तिचे तोंड सपाट करून घ्यावे. नुसती थाळी वेगळी खरादून आणली तर काम अर्धे राहते. अडकणीच्या स्क्रूंसाठी शाफ्टला छोटे खळगे असावेत आणि स्क्रू तारेने एकमेकांना बांधावेत. कपलिंगचे बोल्ट हाय टेन्साइलचे, भोकात ढिले न पडणारे असावेत. हार्डवेअरच्या दुकानातील साधे बोल्ट मापाला बसतात म्हणून घालणे ही काटकसर नव्हे. पंख्याच्या बाजूला, पंखा शाफ्टच्या निमुळत्या टोकाला घट्ट धरतो तो चढावाच्या पकडीने. चावी ही मदतीला असते. चावी उंच असली तर पंखा चावीवरच टेकतो, चढावावर बसत नाही. म्हणून आधी चावीविना पंखा बसवून शाफ्टवर खूण करावी, मग चावी घालून बसवावा. दोन्ही वेळा तो त्याच खुणेपर्यंत आला पाहिजे. शेवटी नटला पिन. आणि शाफ्टजवळच्या जस्ताच्या वड्यांना रंग लावू नये. रंग लावला की जस्त काम करणे सोडते आणि समुद्र पितळेचा पंखा खायला लागतो.

एक गोष्ट तरुणांसाठी. प्रत्येक बंदरात इंजिन उघडणारे दहा मिळतात, पण फिलर गेज हातात घेऊन रांग लावणारा एखाददुसराच, आणि तोही बहुधा वयस्कर. कोचीची केंद्र सरकारची सिफनेट ही संस्था १९६३ पासून आहे. चेन्नई आणि विशाखापट्टणम येथे तिच्या शाखा आहेत. तेथे मरीन फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. आय.टी.आय.मध्ये फिटर आणि टर्नरचे वर्ग आहेतच. आखाताच्या व्हिसासाठी एजंटाच्या दारात बसलेल्या मुलांच्या वालिदांनी प्रवेशाची माहिती त्या त्या संस्थेकडून वेळेवर मागवावी. जाहिरात निघून गेल्यावर आमच्या दुकानी येऊन विचारणाऱ्यांची संख्या दरवर्षी बरीच असते.

नौका उतरवण्यापूर्वी मालकाने हवे ते सामान आत चढले की नाही हे स्वतः पाहावे : ग्लँडच्या मापाचे पॅकिंग दोन वेळा भरण्याइतके, कपलिंगच्या बोल्टांचा एक पूर्ण संच नटांसह, पंख्याच्या नटची पिन, पितळी पट्ट्यांचे तुकडे, फिलर गेज तेल लावून डबीत, लाकडी दट्ट्या आणि एक जाड वही. वहीत पाण्यातील रांगेचे चार आकडे तारखेसह लिहावेत. पुढल्या वर्षी तेच आकडे पुन्हा घेतले, की फाउंडेशन बसत चालले आहे की नाही हे कोणालाही विचारावे लागणार नाही.